मनाचा वैद्य कसा घडतो?

वऱ्हाडातील कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात घडू शकेल असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. खारपाणपट्ट्यातील एका गावाहून पन्नाशीचे एक शेतकरी आपल्या धाकट्या भावाबरोबर आले आहेत. तरुण डॉक्टर विचारतात, "काय त्रास होतो, काका?" काका खाली पाहत सांगतात, "पोटात आग पडते, डाक्टरसायेब. रातभर डोयाले डोया लागत नाई. काई सुधरत नाई." डॉक्टर पोट तपासतात, रक्तदाब पाहतात आणि आम्लपित्ताची गोळी लिहिण्यासाठी लेखणी उचलतात. तेवढ्यात शेजारी बसलेले ज्येष्ठ अध्यापक हलकेच म्हणतात, "भावाशी जरा वेगळे बोलून पाहिलेत का?"

भावाला बाजूला घेतल्यावर जे कळते ते निराळेच असते. दोन महिन्यांपासून काका कोणाशी नीट बोलत नाहीत. जेवण निम्म्यावर आले आहे. आवडीची बैलजोडी त्यांनी एकाएकी पुतण्याला देऊन टाकली, दुकानदाराची लहानसहान उधारी फेडली आणि "आता माहं काई खरं नाई" असे ते एकदा बोलूनही गेले. पोटातील आग खरीच होती, परंतु तिचे मूळ पोटात नव्हते. हे तीव्र नैराश्य होते आणि त्या माणसाच्या जिवाला धोका होता.

हा प्रसंग कोणा एका व्यक्तीचा नाही. तो प्रातिनिधिक म्हणून येथे घेतला आहे. आम्लपित्ताची गोळी देऊन परत पाठविलेला रुग्ण आणि वेळीच ओळखला गेलेला रुग्ण यांच्यातील अंतर किती मोठे असते, हे त्यावरून ध्यानात यावे. हे अंतर तोडण्याचे काम औषधाइतकेच शिक्षणाचे आहे. मनोविकारांवर उपचार करणारा डॉक्टर रुग्णाच्या सान्निध्यात नेमके काय शिकतो, कोठे शिकतो आणि त्या शिक्षणाचा अमरावती-अकोल्यासारख्या जिल्ह्यांशी काय संबंध आहे, याची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

यंत्राची साक्ष नसलेले शास्त्र

हाड मोडले तर क्ष-किरण चित्रात दिसते. मधुमेहाचे निदान रक्ताच्या थेंबावरून होते. नैराश्य, छिन्नमनस्कता किंवा उन्माद यांचे निदान करणारी अशी एकही रक्ततपासणी आज नित्य वापरात नाही. मेंदूची छायाचित्रे घेणारी यंत्रे आली आहेत; पण त्यांचा मुख्य उपयोग गाठ, रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग यांसारखी अन्य कारणे शोधण्यासाठी होतो. मनोविकाराचे निदान मुख्यतः रुग्णाची हकिगत, नातेवाइकांची माहिती आणि डॉक्टरांचे निरीक्षण या तीन गोष्टींवरच उभे राहते.

याचा अर्थ हे निदान म्हणजे केवळ अंदाज असतो असा मात्र नव्हे. लक्षणे कोणती, ती किती दिवसांपासून आहेत, त्यांमुळे कामात आणि संसारात किती अडथळा येतो यांविषयी जगभर मान्य झालेले निकष आहेत. त्यांचे वाचन पुस्तकातून होते. परंतु समोरचा माणूस त्या निकषात बसतो की नाही हे ओळखणारी नजर शेकडो रुग्ण पाहिल्यावाचून येत नाही. म्हणूनच या शाखेत रुग्णशय्येजवळच्या शिक्षणाला पहिले स्थान देण्यात आले आहे.

कोठडीपासून वॉर्डापर्यंत

आपल्याकडे हे शिक्षण रुजण्यास बराच काळ लागला. १८५८ च्या कायद्यानंतर देशात ठिकठिकाणी वेड्यांची इस्पितळे उभी राहिली. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ मधील, रत्नागिरीचे १८८६ मधील आणि ठाण्याचे १९०१ मधील. पुण्याजवळील येरवड्याचे धरून राज्यातील ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये वाचकांच्या परिचयाची आहेत. आरंभीच्या काळात रुग्णाला समाजापासून दूर ठेवणे हाच या संस्थांचा हेतू होता. उंच भिंतींच्या आत शिकवावयाचे तरी काय आणि कोणाला, असा प्रश्न त्या वेळी पडावा, यात नवल नव्हते.

बदलाची दिशा दोन बाजूंनी आली. एक म्हणजे सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकारांचा स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. कलकत्त्यात १९३३ मध्ये आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९३८ मध्ये अशी सोय झाली. ताप आणि खोकला यांच्या रुग्णांबरोबर त्याच दारातून मनाचा रुग्णही आत येऊ लागला. दुसरी बाजू शिक्षणाची. १९४६ च्या भोर समितीने या क्षेत्रातील मनुष्यबळाचा अभाव स्पष्ट शब्दांत मांडला व प्रशिक्षण संस्थेची शिफारस केली. त्यातून १९५४ मध्ये बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. तीच पुढे १९७४ मध्ये 'निम्हान्स' या नावाने पुनर्रचित झाली. याच काळात, १९५० नंतर, मनोविकारांवर परिणामकारक औषधे उपलब्ध झाली. रुग्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो, ही शक्यता प्रत्यक्षात दिसू लागल्यानंतर या शाखेकडे तरुण डॉक्टर वळू लागले.

विदर्भात १९४७ मध्ये नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९६९ मध्ये सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान स्थापन झाले. वऱ्हाडात अमरावतीचे डॉ. पंजाबराव उपाख्य भाऊसाहेब देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये, यवतमाळचे शासकीय महाविद्यालय १९८९ मध्ये व अकोल्याचे शासकीय महाविद्यालय २००२ मध्ये उभे राहिले. २०२४ मध्ये अमरावती, बुलढाणा आणि वाशीम येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही या विषयाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट होय. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की मनोविकृतिशास्त्राचा विभाग आलाच आणि विभाग आला की शिकणारे व शिकविणारे हळूहळू येतात.

तीन वर्षांची वाटचाल

मनोविकारतज्ज्ञ हा प्रथम पूर्ण डॉक्टर असतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. साडेचार वर्षांचा एम. बी. बी. एस. अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून, राष्ट्रीय प्रवेश परीक्षा देऊन तो या शाखेत येतो. त्यानंतर तीन वर्षांचा एम. डी. अभ्यासक्रम असतो. मानसशास्त्रज्ञ हा वेगळा व्यावसायिक होय. तो मानसिक चाचण्या घेतो व संवादातून उपचार करतो, पण औषधे लिहीत नाही. दोघांची गरज आहे. फक्त कोणाकडे कशासाठी जावे हे ठाऊक असावे.

पहिल्या वर्षी निवासी डॉक्टर मुख्यतः हकिगत घेणे, वॉर्डातील रुग्णांची दैनंदिन देखभाल आणि रात्रपाळी यांत गुंतलेला असतो. त्याने लिहिलेली प्रत्येक केस वरिष्ठ तपासतात. पुढे त्याला मेंदूविकार, बालमनोविकार, व्यसनमुक्ती, वृद्धांचे विकार आणि न्यायवैद्यक प्रश्न अशा निरनिराळ्या ठिकाणी पाठविण्यात येते. आठवड्याला केस-परिषद भरते. तेथे एका रुग्णाची संपूर्ण हकिगत मांडली जाते व सर्वांसमोर निदानाची छाननी होते. "तुम्ही हे कशावरून म्हणता?" हा त्या सभेतील सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न असतो. शिवाय एक प्रबंध लिहावा लागतो, केलेल्या कामाची नोंदवही ठेवावी लागते आणि अखेरच्या परीक्षेत लेखी उत्तरांबरोबरच प्रत्यक्ष रुग्ण तपासून दाखवावा लागतो.

ऐकण्याचे शिक्षण

या तीन वर्षांतील सर्वांत अवघड धडा कोणता, असे विचारले तर 'ऐकणे' असेच उत्तर द्यावे लागेल. ऐकणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. रुग्णाचा पोशाख, बसण्याची ढब, बोलण्याचा वेग, मनःस्थिती, विचारांची सुसंगती, कानी येणारे भास, स्मरणशक्ती आणि आपण आजारी आहोत याची जाणीव या सर्वांची एका ठरावीक क्रमाने नोंद घेतली जाते. यालाच मानसिक अवस्थेची तपासणी म्हणतात. स्टेथोस्कोपने छाती तपासावी तशी ही मनाची तपासणी असते.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. पाठ्यपुस्तकात 'उदासीनता' असा शब्द असतो. वऱ्हाडातील माणूस क्वचितच "मी उदास आहे" असे म्हणतो. तो म्हणतो, जीव घाबरते, डोकं भणभण करते, हातापायांत जीव नाई, कशातच मन लागत नाई. दुःखाची ही सारी शब्दकळा शरीराची आहे. ती न समजणारा डॉक्टर दहा तपासण्या लिहून देईल आणि मूळ आजार तसाच राहील. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या बाजूला तर भाषाच बदलते. कोरकू स्त्रीची हकिगत दुभाष्यामार्फत घेताना अर्धा भाव वाटेतच सांडतो. तिने आधी भुमका किंवा पडियार यांच्याकडे उपचार घेतलेले असतात आणि ते विचारताना डॉक्टरांच्या स्वरात जरा जरी उपहास आला तरी ती पुढे काही बोलत नाही. हा संयम कोणत्याही प्रश्नपत्रिकेत मोजता येत नाही. तो ज्येष्ठांच्या शेजारी बसूनच शिकावा लागतो.

दुसरा अवघड धडा म्हणजे मरणाविषयी विचारणे. "जीव नकोसा वाटतो का? स्वतःचे काही बरेवाईट करावे असे मनात येते का?" हे प्रश्न विचारण्यास नवा डॉक्टर कचरतो. आपण विचारल्याने तो विचार रुग्णाच्या डोक्यात शिरेल, अशी त्याला भीती वाटते. ही भीती निराधार आहे, असे अभ्यासांती दिसून आले आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून रुग्णाला मोकळे वाटते. वर सांगितलेल्या प्रसंगातील काकांनाही हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

शरीर आणि मन यांच्या सीमेवर

मनोविकाराची प्रत्येक तक्रार मनाचीच असते असे नाही. थायरॉइड ग्रंथी मंदावली, रक्त कमी झाले, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव झाली तरी माणूस खिन्न व सुस्त होतो. मेंदूज्वराचा रुग्ण बडबडू लागला की घरच्यांना बाधा झाली असे वाटते. दारू एकाएकी बंद झाल्यानंतर दोन-तीन दिवसांनी येणारा भ्रम हा तर प्राणावर बेतणारा आजार आहे. म्हणूनच शिकाऊ मनोविकारतज्ज्ञाला प्रत्येक वेळी एक प्रश्न स्वतःला विचारावयास लावतात : यामागे शरीराचे काही कारण तर नाही ना?

वऱ्हाडातील रुग्णालयांत हा धडा विशेष तीव्रतेने शिकावा लागतो. कीटकनाशकाची विषबाधा झालेला रुग्ण प्रथम औषधवैद्यक विभागात दाखल होतो. त्याला वाचविण्यासाठी ॲट्रोपिन हे औषध द्यावे लागते. त्याचे प्रमाण अधिक झाले तर रुग्ण अस्वस्थ होतो, हवेत हात मारतो, भलतेच बोलू लागतो. हा ॲट्रोपिनचा परिणाम आहे, दारू सुटल्याचा भ्रम आहे की मुळातील मनोविकार आहे, हे त्या रात्री मनोविकार विभागाच्या निवासी डॉक्टरला ठरवावे लागते. कारण तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. पुढे रुग्ण शुद्धीवर आल्यावर काम संपत नाही. विष शरीरातून गेले तरी ते घेण्यास प्रवृत्त करणारी मनःस्थिती गेलेली नसते. त्याची नीट तपासणी केल्याशिवाय आणि पुढील भेटीची तारीख ठरविल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये, हे या प्रशिक्षणातील एक महत्त्वाचे सूत्र होय.

दुसरे उदाहरण उन्हाळ्याचे. अकोल्याचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे. पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारावर लिथियम हे अत्यंत गुणकारी औषध आहे. मात्र त्याची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते, म्हणून रक्तातील प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. शरीरातील पाणी कमी झाले की हे प्रमाण वाढते. हात थरथरणे, तोल जाणे, उलट्या व जुलाब ही धोक्याची चिन्हे दिसू लागतात. मनोविकारांवरील अन्य काही औषधांनी घाम कमी येतो व उष्माघाताची शक्यता वाढते. थंड हवेच्या शहरात शिकलेल्या डॉक्टरला ही गोष्ट पुस्तकात वाचून माहीत असते; अकोल्यात शिकणाऱ्याला ती चैत्रापासूनच प्रत्येक रुग्णाला बजावून सांगावी लागते. शेतावर जाणाऱ्या रुग्णाने पाणी किती प्यावे, कोणत्या वेळी सावलीत थांबावे, त्रास होताच औषध स्वतःहून चालू न ठेवता रुग्णालय कसे गाठावे, हे सांगणे हा उपचाराचाच भाग असतो.

कायद्याचे भान

आजच्या शिकाऊ डॉक्टरला औषधांइतकाच कायदाही शिकावा लागतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. या कायद्याने रुग्णाच्या इच्छेला केंद्रस्थान दिले आहे. भविष्यात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत हे रुग्ण आगाऊ लिहून ठेवू शकतो, आपला प्रतिनिधी नेमू शकतो. इच्छेविरुद्ध दाखल करावे लागले तर त्याची कारणे, मुदत आणि पुनर्विलोकन यांचे नियम आहेत. भूल न देता विद्युत् उपचार करण्यास मनाई आहे. कोणत्याही रुग्णास साखळदंडाने बांधण्यास पूर्ण बंदी आहे.

याच कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, उलट सिद्ध न झाल्यास, गृहीत धरण्यात येते आणि तिला शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन देण्याचे कर्तव्य शासनावर सोपविण्यात आले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडविधानातील कलम ३०९ उरलेले नाही. म्हणजे विष घेतलेल्या माणसाला पोलिसांच्या भीतीने घरातच दडवून ठेवण्याचे कारण राहिलेले नाही. ही माहिती गावोगाव पोहोचली तर काही जीव निश्चितच वाचतील.

जिल्ह्यात तीन महिने

आता मूळ अडचणीकडे वळू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील प्रौढ लोकसंख्येपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्य उपचारांवाचून होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे देशात दर लाख लोकसंख्येमागे केवळ ०.७५ मनोविकारतज्ज्ञ होते. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २८ लाख ८८ हजार, अकोल्याची सुमारे १८ लाख १४ हजार. दोन्ही मिळून ४७ लाख. राष्ट्रीय सरासरी लावली तर एवढ्या लोकसंख्येच्या वाट्याला पस्तीसच तज्ज्ञ येतात. हा झाला कागदावरील हिशेब. प्रत्यक्षात तज्ज्ञ शहरांत एकवटलेले असतात आणि दर्यापूर, धारणी, पातूर किंवा तेल्हारा येथील रुग्णाला एसटीचे भाडे, एक दिवसाची मजुरी आणि सोबतीला माणूस या तिन्हींची जुळवाजुळव करावी लागते.

मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयात शिकलेला डॉक्टर गावाकडे येण्यास नाखूश असतो, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. त्यात तथ्य असले तरी दोष केवळ त्याचा नाही. ज्या परिस्थितीत काम करावयाचे ती त्याने शिकताना पाहिलेलीच नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२१ च्या तुकडीपासून जिल्हा निवासी कार्यक्रम लागू करण्यात आला आहे. त्यानुसार पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालय व्यवस्थेत काम करणे अनिवार्य आहे. मनोविकार शाखेचा विद्यार्थी येथे आला म्हणजे त्याला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे काम पाहावयास मिळते. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातून, कर्नाटकातील बल्लारी जिल्ह्याच्या अनुभवावर आधारून, हा जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता व परिचारिका असा चमू जिल्ह्यात असावा आणि त्याने तालुक्याच्या ठिकाणी जाऊन रुग्ण पाहावेत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना शिकवावे, अशी त्यातील कल्पना आहे.

येथे शिकाऊ डॉक्टरला एक नवी गोष्ट उमगते. महाविद्यालयात तो रुग्णाची वाट पाहत असतो. जिल्ह्यात त्याने रुग्णापर्यंत पोहोचावयाचे असते. या कामी साध्या गावकऱ्यांचे साहाय्य किती मोलाचे ठरते, याचा पुरावा अमरावती जिल्ह्यानेच दिला आहे. 'विश्राम' या उपक्रमात जिल्ह्यातील ३० गावांमध्ये प्रशिक्षित ग्रामीण कार्यकर्त्यांनी नैराश्याविषयी घरोघरी माहिती दिली, प्राथमिक समुपदेशन केले व आवश्यक तेथे रुग्णांना तज्ज्ञांकडे पाठविले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण पूर्वी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे सहापटीहून अधिक वाढ झाली. एकट्या तज्ज्ञाला हे साधले नसते आणि तज्ज्ञाच्या पाठबळावाचून कार्यकर्त्यांनाही साधले नसते. महाराष्ट्र शासनाने शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पातही आशा कार्यकर्तींवर मोठी भिस्त ठेवण्यात आली होती.

२०१७ च्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये आणखी एक गोष्ट नमूद आहे. कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत मानसिक आरोग्य क्षेत्रातील मनुष्यबळ आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचे प्रयत्न शासनाने करावयाचे आहेत. शासकीय आरोग्य संस्थांतील आणि कारागृहांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत व तातडीच्या मानसिक उपचारांचे प्रशिक्षणही द्यावयाचे आहे. ही दहा वर्षे २०२८ मध्ये पूर्ण होतात. एक तज्ज्ञ घडण्यास बारावीनंतर साडेआठ वर्षे लागतात, हे लक्षात घेतल्यास आज अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत प्रवेश घेणारा विद्यार्थी त्या मुदतीत तयार होणार नाही, हे उघड आहे. तोवरची भिस्त आहे त्या तज्ज्ञांवर, प्रशिक्षित वैद्यकीय अधिकाऱ्यांवर आणि गावातील जाणत्या माणसांवरच राहणार आहे.

गावाने करावयाचे काम

डॉक्टर कितीही निष्णात असला तरी रुग्ण त्याच्यापर्यंत आलाच नाही तर त्याचे शिक्षण वाया जाते. या बाबतीत सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक आणि तलाठी यांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे.

एखादा माणूस दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातील रस गमावून बसला असेल, मरणाची भाषा बोलत असेल, जपलेल्या वस्तू एकाएकी वाटू लागला असेल, तर त्याला उपदेश न करता सोबत घेऊन आरोग्य केंद्र गाठावे. जाताना घरातील जबाबदार माणूस बरोबर असावा. त्याची माहिती ही निदानाची अर्धी सामग्री असते. दरम्यानच्या काळात कीटकनाशके कुलपात किंवा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवावीत. नैराश्यावरील औषधाचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात, हे घरच्यांना सांगावे. आठ दिवसांत फरक नाही म्हणून औषध सोडलेले रुग्ण फार आढळतात. चांगला हुशार विद्यार्थी एकाएकी मागे पडू लागला, एकटा राहू लागला किंवा शाळा टाळू लागला तर शिक्षकांनी शिक्षेपूर्वी चौकशी करावी. रस्त्यावर भटकणाऱ्या निराधार मनोरुग्णाविषयी पोलिसांना कळवावे. त्याला शासकीय आरोग्य संस्थेत नेणे हे कायद्याने त्यांचे काम आहे. 'टेलिमानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो दिवसरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या फलकावर हा क्रमांक ठळकपणे लिहावा.

रुग्णाला बांधून ठेवणे, भूत उतरविण्यासाठी मारहाण करणे किंवा चटके देणे हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही गुन्हे ठरविले आहेत. अमरावती ही गाडगेबाबांची भूमी. अंगात येणे आणि नवससायास यांवर कीर्तनातून त्यांनी जे आसूड ओढले, त्यांची आठवण या जिल्ह्याला वेगळी करून देण्याची आवश्यकता नाही. शहरालगतच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरुग्णांना माणूस म्हणून उभे केले, तेव्हा त्या रोगाविषयी समाजात आज मनोविकारांविषयी आहे त्याहूनही अधिक धास्ती होती. ती ओसरण्यास औषधाइतकीच माणसांची जवळीक उपयोगी पडली, ही गोष्ट विसरता येत नाही.

आरंभीच्या प्रसंगातील काकांचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. अशा रुग्णांचा नेहमीचा क्रम असा असतो : काही दिवस वॉर्डात देखरेख, औषधे, भावाला व पत्नीला समजावून सांगणे, मग दर पंधरवड्याला भेट. तिसऱ्या-चौथ्या भेटीत झोप सुधारते, पोटातील आग मावळते आणि रुग्ण आपणहून पेरणीविषयी बोलू लागतो. कर्ज तेवढेच असते, पाऊस तसाच लहरी असतो. पण त्यांच्याशी झुंजणारा माणूस परत आलेला असतो. त्या तरुण डॉक्टरच्या नोंदवहीत ही एका ओळीची नोंद राहते. मात्र पुढच्या वेळी पोटात आग पडते म्हणून कोणी आले, की लेखणी उचलण्यापूर्वी तो रुग्णाबरोबर आलेल्या माणसाकडे वळून विचारतो, "घरी कसे चालले आहे, भाऊ?" हा एक प्रश्न विचारण्याची सवय लागावी, एवढ्यासाठीच हे सारे शिक्षण असते. तो प्रश्न गावाने आधीच विचारलेला असेल, तर डॉक्टरांचे निम्मे काम झालेले असते.